वर्डप्रेसची थीम अद्ययावत करायची आहे, पण आधीचे बदल थेट थीमच्या मूळ फायलींत केलेले आहेत

वाचनवेल (धागाकर्ते)

आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाचे (शासनमान्य, 'ब' वर्ग) संकेतस्थळ वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवण्याच्या प्रणालीवर आहे. एका सभासदांच्या मुलाने ते हौसेने उभारून दिले आणि बरीच वर्षे सांभाळले. आता तो नोकरीनिमित्त परदेशी असल्याने हे काम माझ्याकडे आले आहे. थीम, म्हणजे संकेतस्थळाचे रूप ठरवणाऱ्या फायलींचा संच, वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहातील मोफत आहे. आमच्या गरजेप्रमाणे तिच्यात जे बदल करायचे होते ते त्याने डॅशबोर्डमधला थीम फाइल एडिटर उघडून जागच्या जागी केले, आणि ते पुसले जाऊ नयेत म्हणून थीम पुढे कधीच अद्ययावत केली नाही.

आता तीन गोष्टी एकाच वेळी समोर आल्या आहेत. होस्टिंग कंपनीने पीएचपी या, वर्डप्रेस ज्यावर चालते त्या भाषेची, ७.४ आवृत्ती बंद करून ८.२ लावणार असल्याचे कळवले आहे. डॅशबोर्डवर थीमची नवी आवृत्ती उपलब्ध असल्याची सूचना कायम दिसत असते. शिवाय संकेतस्थळावरील मराठी शीर्षकांची शिरोरेषा अक्षरागणिक तुटलेली दिसते, ती नीट करावी असे कार्यकारी मंडळाने सुचवले आहे.

माझे प्रश्न असे आहेत. अपडेट केल्यास नेमके काय जाईल आणि काय राहील? चाइल्ड थीम (मूळ थीमवर आधारलेली, आपले बदल वेगळे ठेवणारी थीम) करायला हवी होती असे सगळीकडे वाचतो, पण इतक्या उशिरा ती करण्यात अर्थ आहे का? की सरळ नवी थीम घ्यावी? मी प्रोग्रॅमर नाही, परंतु सीपॅनेल, फाइल मॅनेजर आणि पीएचपीमायॲडमिन वापरता येते.

---

कातळशिल्प

तूर्तास अपडेटचे बटण दाबू नका. थीम अपडेट होते तेव्हा नव्या फायली जुन्यांत मिसळल्या जात नाहीत. जुना फोल्डर काढून त्याच्या जागी नवा ठेवला जातो. त्या फोल्डरमध्ये हाताने केलेली प्रत्येक दुरुस्ती त्याबरोबर जाते. संपूर्ण संकेतस्थळाचा, म्हणजे फायली आणि डेटाबेस या दोन्हींचा बॅकअप घेऊन तो स्वतःच्या संगणकावर उतरवून ठेवा. तो होस्टिंगच्याच सर्व्हरवर पडून राहिला तर त्याचा फारसा भरवसा धरता येत नाही. स्वयंचलित अद्ययावतीकरण चालू असेल तर तेही बंद करा. वर्डप्रेस ५.५ पासून ती सोय प्रत्येक थीमच्या माहितीच्या चौकटीत आलेली आहे आणि कोणी केव्हा ती चालू करून ठेवली आहे, हे पाहिल्याशिवाय समजत नाही.

---

ओळआखणी

धागाकर्त्यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर जरा विस्ताराने देतो, कारण एखादा बदल टिकेल की पुसला जाईल हे तो बदल कोठे साठवला गेला आहे यावरच ठरते.

संकेतस्थळाच्या रूपात केलेले बदल तीन ठिकाणी राहू शकतात. थीमच्या स्वतःच्या फोल्डरमधील फायलींत केलेले बदल अपडेटमध्ये जातात, हे वर आलेच आहे. कस्टमायझरमधून (डॅशबोर्डमधल्या रूप ठरवण्याच्या पानावरून) निवडलेले रंग, बोधचिन्ह, शीर्षचित्र आणि 'ॲडिशनल सीएसएस' या चौकटीत लिहिलेले रूपाचे नियम डेटाबेसमध्ये जातात. थीमच्या अपडेटने त्यांना धक्का लागत नाही, मात्र ते त्या विशिष्ट थीमच्या नावाशी बांधलेले असतात; थीम बदलली की ते दिसेनासे होतात आणि जुनी थीम पुन्हा लावली की परत येतात. तिसरी जागा चाइल्ड थीमची. ती स्वतंत्र फोल्डरमध्ये राहते, त्यामुळे मूळ थीम कितीही वेळा अद्ययावत झाली तरी तिला कोणी हात लावत नाही.

यावरून हेही लक्षात येईल की अनेकांना चाइल्ड थीमची मुळात गरजच नसते. केवळ रंग, अक्षरांचा आकार आणि चार ओळींची सीएसएस बदलायची असेल तर २०१६ सालच्या ४.७ आवृत्तीपासून मिळालेली 'ॲडिशनल सीएसएस'ची चौकट पुरते. पीएचपीच्या फायलींना हात लावावा लागला की चाइल्ड थीम हवी. तुमच्याकडे नेमके काय बदलले आहे ते समजल्याखेरीज पुढचा सल्ला देणे अवघड आहे.

---

वाचनवेल

आभारी आहे. बॅकअप उतरवून घेतला. परंतु काय बदलले आहे याची कुठेही नोंद नाही. ज्याने बदल केले त्याला विचारले, तर त्यालाही आता फारसे आठवत नाही. फंक्शन्स डॉट पीएचपी ही फाइल उघडून पाहिली. ती इतकी लांब आहे की तिच्यातले मूळचे कोणते आणि नंतर घातलेले कोणते, हे डोळ्यांनी ओळखणे मला तरी शक्य नाही.

---

कातळशिल्प

डोळ्यांनी ओळखण्याची गरज नाही. थीमच्या फोल्डरमध्ये स्टाइल डॉट सीएसएस ही फाइल आहे. तिच्या अगदी वरच्या टिप्पणीत थीमचे नाव, लेखक आणि आवृत्तीचा क्रमांक लिहिलेला असतो. तो क्रमांक टिपून घ्या. अधिकृत संग्रहातील थीमच्या जुन्या आवृत्त्या वर्डप्रेसच्या एसव्हीएन भांडारात सांभाळलेल्या असतात, तेथून बरोबर तीच आवृत्ती उतरवा. नवीन आवृत्ती घेऊ नका, नाहीतर थीमच्या लेखकाने केलेले बदल आणि तुमच्या पूर्वसुरींनी केलेले बदल यांची सरमिसळ होईल.

मग एका बाजूला ती कोरी थीम आणि दुसऱ्या बाजूला तुमच्या सर्व्हरवरून उतरवलेला फोल्डर ठेवून विनमर्जमध्ये दोन्हींची तुलना करा. हे सॉफ्टवेअर विंडोजसाठी मोफत मिळते. लिनक्सवर मेल्ड आहे. कोणत्या फायली वेगळ्या आहेत याची यादी प्रथम दिसेल आणि फाइल उघडली की वेगळ्या ओळी रंगवलेल्या दिसतील. जवळपास प्रत्येक ओळ वेगळी दाखवली जात असेल तर बहुधा ओळींच्या शेवटच्या खुणांचा फरक आहे. तो दुर्लक्षिण्याचा पर्याय सेटिंगमध्ये आहे.

---

वाचनवेल

हे अपेक्षेपेक्षा पुष्कळच सोपे निघाले. एवढ्या मोठ्या फोल्डरमध्ये फक्त चार फायली वेगळ्या आहेत.

हेडर डॉट पीएचपीमध्ये भेट देणाऱ्यांची संख्या मोजणाऱ्या सेवेचा तुकडा घातलेला आहे. फूटर डॉट पीएचपीमध्ये थीमच्या लेखकाचा उल्लेख काढून वाचनालयाचा पत्ता, नोंदणी क्रमांक आणि कामाच्या वेळा लिहिल्या आहेत. फंक्शन्स डॉट पीएचपीच्या तळाशी एक शॉर्टकोड (चौकटी कंसात लिहिला की त्या जागी ठरलेला मजकूर आणणारा शब्द) आहे. नव्याने दाखल झालेल्या पुस्तकांचा तक्ता मुखपृष्ठावर त्यानेच येतो. स्टाइल डॉट सीएसएसमध्ये ठिकठिकाणी रंग आणि अक्षरांचे आकार बदललेले आहेत.

आता हे चारही बदल चाइल्ड थीममध्ये नेऊन ठेवायचे, असेच ना?

---

ओळआखणी

चारही नेऊ नयेत, असे माझे मत आहे. प्रत्येकाची योग्य जागा वेगळी आहे.

शॉर्टकोडपासून सुरुवात करू. नव्या पुस्तकांचा तक्ता हे संकेतस्थळाचे काम आहे, त्याचे रूप नव्हे. तो थीममध्ये, अगदी चाइल्ड थीममध्ये ठेवला तरी, उद्या थीम बदलली की मुखपृष्ठावर तक्त्याऐवजी चौकटी कंसातला तो शब्द जसाच्या तसा उमटेल. असा कोड छोट्या प्लगिनमध्ये (वर्डप्रेसला जोडायच्या स्वतंत्र पुरवणीत) ठेवावा. एक पीएचपी फाइल, तिच्या वर प्लगिनच्या नावाची टिप्पणी आणि खाली तुमचा कोड, एवढे पुरते. ती फाइल डब्ल्यूपी-कंटेंटमधील 'एमयू-प्लगिन्स' फोल्डरमध्ये ठेवली तर ती आपोआप चालू राहते आणि डॅशबोर्डवरून चुकून बंद करता येत नाही. अनेक हातांनी सांभाळल्या जाणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळासाठी हे मला जास्त सुरक्षित वाटते.

भेटी मोजणाऱ्या तुकड्यासाठी हेडर डॉट पीएचपीची प्रत करण्याचे कारण नाही. 'डब्ल्यूपी_हेड' या हुकला (आपला कोड अडकवण्यासाठी ठेवलेल्या जागेला) तो जोडला की काम होते. हेही त्याच छोट्या प्लगिनमध्ये बसेल. तळपट्टीतला मजकूर विजेटमध्ये (डॅशबोर्डवरून भरता येणाऱ्या चौकटीत) मावतो का, ते आधी पाहा. थीमने तळाशी विजेटची जागा दिली असेल तर पत्ता आणि वेळा तेथे लिहाव्यात, म्हणजे ग्रंथपालांनाही सुट्टीचा दिवस स्वतः बदलता येईल. एवढे केल्यावर चाइल्ड थीमसाठी फक्त सीएसएस उरते आणि कदाचित तळपट्टीतील एखादी ओळ.

चाइल्ड थीम तयार करणे सोपे आहे. थीम्सच्या फोल्डरमध्ये नवा फोल्डर करून त्यात स्टाइल डॉट सीएसएस ठेवायची आणि तिच्या वरच्या टिप्पणीत 'थीम नेम' व 'टेम्प्लेट' या दोन नोंदी लिहायच्या. लोक बहुतेक वेळा 'टेम्प्लेट'पाशीच चुकतात. तेथे मूळ थीमचे छापील नाव लिहून चालत नाही, तिच्या फोल्डरचे नाव अक्षरशः जसेच्या तसे लिहावे लागते. एक अक्षर इकडचे तिकडे झाले तरी मूळ थीम सापडत नसल्याची तक्रार करून वर्डप्रेस ती चाइल्ड थीम सदोष थीमच्या यादीत टाकते.

आणखी एक खबरदारी घ्या. हेडर डॉट पीएचपीसारखी, पानाचा एखादा भाग मांडणारी टेम्प्लेट फाइल चाइल्डमध्ये ठेवली की ती मूळ फाइलीच्या ऐवजी वापरली जाते, पण फंक्शन्स डॉट पीएचपीला हा नियम लागू नाही. तिच्या बाबतीत दोन्ही फायली चालतात आणि चाइल्डमधली आधी चालते. मूळची अख्खी फाइल उचलून चाइल्डमध्ये चिकटवली तर एकच फंक्शन दोनदा घोषित होते आणि संकेतस्थळ पांढरे पडते.

---

सांजवारा

मी वरील मताशी सहमत आहेच, पण त्यात थोडी भर घालावीशी वाटते. चाइल्ड थीम केली म्हणजे कायमची निश्चिंती झाली, असा जो समज पसरला आहे तो खरा नाही. चाइल्डमध्ये नेऊन ठेवलेली टेम्प्लेट फाइल त्या दिवशीच गोठते. मूळ थीमचा लेखक पुढे आपल्या फाइलीत दुरुस्त्या करतो, प्रसंगी सुरक्षेच्या त्रुटीही बुजवतो, आणि आपले संकेतस्थळ मात्र जुनीच प्रत वाचत राहते.

याचे अगदी साधे उदाहरण म्हणजे २०१९ सालच्या ५.२ आवृत्तीत आलेला 'डब्ल्यूपी_बॉडी_ओपन' हा हुक. मूळ थीमच्या लेखकांनी तो आपापल्या हेडर डॉट पीएचपीत घातला. ज्यांच्या चाइल्ड थीममध्ये त्याआधीची प्रत होती त्यांच्याकडे तो कधी पोहोचलाच नाही, आणि त्या हुकवर अवलंबून असलेल्या प्लगिनचा मजकूर का उमटत नाही हे शोधत ते बसले. वूकॉमर्स हे ऑनलाइन दुकानाचे प्लगिन वापरणाऱ्यांना हा अनुभव अधिक वेळा येतो. फरक इतकाच की कोणत्या टेम्प्लेट प्रती जुन्या झाल्या आहेत हे ते प्लगिन स्वतःच सिस्टम स्टेटसच्या पानावर सांगते. थीमच्या बाबतीत असे सांगणारे कोणी नाही.

तेव्हा हुक वापरून काम होत असेल तर टेम्प्लेटची प्रत करू नये. करावीच लागली तर ती कोणत्या आवृत्तीवरून केली हे त्या फाइलीच्या पहिल्या ओळीतच लिहून ठेवावे.

---

पाऊलखुणा

एवढा सगळा खटाटोप करण्यापेक्षा ब्लॉक थीम का घेत नाही? जानेवारी २०२२ मध्ये ५.९ आवृत्तीबरोबर 'ट्वेंटी ट्वेंटी-टू' आली तेव्हापासून वर्डप्रेसच्या सर्व वार्षिक थीम ब्लॉक पद्धतीच्याच आहेत. शीर्षपट्टी, तळपट्टी, रंग, टंक सर्व काही साइट एडिटरमधून बदलता येते आणि पीएचपीच्या फाइलीला हातही लावावा लागत नाही.

---

सांजवारा

नव्याने उभारल्या जाणाऱ्या संकेतस्थळासाठी मीही तेच सुचवले असते. पण येथे मजकूर जुना आहे, विजेट जुनी आहेत आणि पीएचपी बदलण्याची टांगती तलवार डोक्यावर आहे. या घाईत संपूर्ण रूप बदलायला घेणे म्हणजे एकाच वेळी दोन कामे ओढवून घेणे होय. शिवाय ब्लॉक थीममध्ये हाच प्रश्न दुसऱ्या दिशेने येतो. साइट एडिटरमध्ये एखादे टेम्प्लेट बदलून जतन केले की ते डेटाबेसमध्ये जाते आणि तिथून पुढे थीमच्या फाइलीऐवजी तेच वापरले जाते. नंतर अपडेटमध्ये थीमच्या लेखकाने तळपट्टी सुधारली, तरी तुम्हाला तुमची जुनीच दिसते, आणि अपडेट नीट झाले नाही अशी शंका येते. बदल रीसेट करण्याचा पर्याय निवडला की फाइल पुन्हा पुढे येते. अर्थात तुमचा बदल तेव्हा जातो.

---

पाऊलखुणा

रीसेटबाबतचा मुद्दा मान्य आहे. पण 'जुने आहे म्हणून तूर्त राहू द्या' असे म्हणतच ही संकेतस्थळे सात-आठ वर्षे मागे पडतात, हेही धागाकर्त्यांनी ध्यानात ठेवावे. पीएचपीचे काम उरकले की चाचणीच्या प्रतीवर ब्लॉक थीम लावून एकदा पाहावी, एवढाच माझा आग्रह आहे.

---

मोडीलिपिक

रूपबदलाचा विषय निघालाच आहे, तर कार्यकारी मंडळाच्या शिरोरेषेच्या तक्रारीबद्दल लिहितो. माझे काम मुद्रणाचे असल्याने ही गोष्ट चटकन नजरेला येते आणि खुपतेही.

बहुतेक थीम रोमन लिपी समोर ठेवून बांधलेल्या असतात. शीर्षके आणि मेन्यू भारदस्त दिसावेत म्हणून त्यांना 'लेटर-स्पेसिंग' दिलेले असते. रोमन अक्षरे मुळात सुटी असल्याने त्यांना ते शोभते. देवनागरीत अक्षरांमध्ये तेवढीच फट पडते आणि 'वाचनालय' हा शब्द वा, च, ना, ल, य अशा पाच तुकड्यांत दिसतो, प्रत्येकाच्या डोक्यावर रेषेचा वेगळा तुकडा. उपाय एका ओळीचा आहे: शीर्षके, मेन्यू, बटणे आणि विजेटची शीर्षके यांना लेटर-स्पेसिंग शून्य करावे. ब्राउझरमध्ये त्या शब्दावर राइट क्लिक करून 'इन्स्पेक्ट' निवडले की कोणत्या नियमामुळे ही फट पडली आहे ते उजवीकडच्या पट्टीत दिसते. तोच निवडक (नियम कशाला लागू होतो ते सांगणारा भाग) घेऊन आपल्या सीएसएसमध्ये लिहावा.

ओळींच्या उंचीचाही असाच घोळ असतो. रोमनसाठी शीर्षकाला १.१ किंवा १.२ ही लाइन-हाइट चालते. आपल्याकडे वर रफार, वेलांट्या, मात्रा आणि अनुस्वार असतो, खाली उकार आणि जोडाक्षरे असतात. दोन ओळींचे शीर्षक आले की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आदळतो. शीर्षकाला १.४ आणि परिच्छेदाला १.७ च्या आसपास ठेवून पाहा.

मग टंक. थीमने सांगितलेल्या टंकात देवनागरी नसेल तर ब्राउझर यंत्रावर जो सापडेल तो वापरतो, त्यामुळे विंडोजवर निर्मला, ॲपलवर कोहिनूर आणि अँड्रॉइडवर नोटो, असे प्रत्येकाला निराळे पान दिसते. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्त परवान्यातील 'मुक्ता' हा टंक मजकुरासाठी उत्तम आहे आणि त्यात सात वजने आहेत. ललित मजकूर जास्त असेल तर 'टिरो देवनागरी मराठी' पाहावा. त्यात ल आणि श यांची मराठी वळणे आहेत. हिंदी आणि संस्कृतसाठी त्याचीच वेगळी रूपे मिळतात. मात्र त्याला ठळक वजन नाही. ठळक हवे म्हटले की ब्राउझर अक्षर ओढूनताणून जाड करतो आणि ते बरबटलेले दिसते, म्हणून शीर्षकांना तो लावलात तर वजन साधेच ठेवा.

एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट: सेटिंगमध्ये संकेतस्थळाची भाषा 'मराठी' निवडलेली आहे ना, हे पाहा. त्यावरूनच पानाच्या कोडमध्ये भाषेची खूण लिहिली जाते, आणि ज्या टंकांत मराठी ल-श आणि हिंदी ल-श एकत्र आहेत ते टंक ती खूण पाहूनच योग्य वळण निवडतात.

---

ऱ्हाइनकाठ

मोडीलिपिक यांच्या प्रतिसादाला पूरक माहिती देतो. आम्ही जर्मनीत मराठी मंडळाचे संकेतस्थळ सांभाळतो. टंक गूगलच्या सर्व्हरवरून थेट मागवणे आमच्याकडे टाळतात, कारण जानेवारी २०२२ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने वाचकाचा आयपी पत्ता अशा रीतीने त्याच्या संमतीविना गूगलकडे जाणे हा खासगीपणाचा भंग ठरवून १०० युरो भरपाई द्यायला लावली होती. भारतातील वाचनालयाला हा निर्णय लागू नाही, पण टंकाच्या फायली स्वतःच्या सर्व्हरवर ठेवणे तसेही चांगले. ब्लॉक थीम असेल तर ६.५ पासून आलेल्या फाँट लायब्ररीतून टंक बसवला की तो आपल्याच सर्व्हरवर उतरतो. जुन्या पद्धतीच्या थीममध्ये तो चाइल्ड थीमच्या फोल्डरमध्ये ठेवून सीएसएसमधून जोडावा. मूळ थीमच्या फोल्डरमध्ये मात्र ठेवू नये. कारण वर आलेलेच आहे.

---

कातळशिल्प

आता पीएचपीकडे वळू, कारण तारखेचे बंधन त्यालाच आहे. पीएचपी ७.४ ची सुरक्षा-दुरुस्ती नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबली, तेव्हा होस्टिंग कंपनीला दोष देता येणार नाही. जुन्या थीम ८ मालिकेवर कोसळतात त्याची कारणे ठरलेली आहेत. विजेटची नोंदणी करण्यासाठी पूर्वी सर्रास वापरले जाणारे 'क्रिएट_फंक्शन' ८.० मध्ये काढून टाकण्यात आले. 'ईच' हे फंक्शनही तेव्हाच गेले. तुमच्या थीमच्या फोल्डरमध्ये हे दोन शब्द शोधून पाहा. सापडले तर थीम अद्ययावत न करता पीएचपी बदलणे शक्य नाही असे समजा.

क्रम असा ठेवावा. होस्टिंगमध्ये स्टेजिंगची (चाचणीच्या प्रतीची) सोय असेल तर तेथे, नसेल तर 'लोकल' हे मोफत सॉफ्टवेअर आपल्या संगणकावर टाकून तेथे, संकेतस्थळाची प्रत उभी करा. त्या प्रतीवर आधी शॉर्टकोडचे प्लगिन आणि चाइल्ड थीम बसवा, मग थीम, प्लगिन आणि वर्डप्रेस अद्ययावत करा आणि सर्वांत शेवटी पीएचपी बदला. दरवेळी एकच गोष्ट बदलली म्हणजे बिघाड कशाने झाला ते शोधत बसावे लागत नाही. प्रतीवर सर्व सुरळीत दिसले की त्याच क्रमाने खऱ्या संकेतस्थळावर करा.

अपडेट अर्धवट राहिले तर ६.३ पासून वर्डप्रेस आधीची थीम स्वतःहून परत बसवते, पण त्यावर विसंबू नका. ती सोय अपडेट फसले तरच उपयोगी. अपडेट व्यवस्थित होऊन मांडणी बिघडली तर वर्डप्रेसच्या लेखी सारे ठीकच असते.

आणि हे आजच तपासा: सेटिंगच्या पहिल्या पानावर प्रशासकाचा ईमेल कोणाचा आहे? थीममुळे संकेतस्थळ कोसळले तर ५.२ पासून वर्डप्रेस दुरुस्तीसाठी आत शिरण्याचा दुवा त्या पत्त्यावर पाठवते. तुमच्याकडे तो दुवा परदेशातल्या त्या मुलाकडे जाण्याची दाट शक्यता आहे.

---

वाचनवेल

ईमेल खरोखरच त्याचाच निघाला. वाचनालयाचा पत्ता लावला आहे. 'क्रिएट_फंक्शन' थीममध्ये दोन ठिकाणी सापडले.

---

नवखानवखा

धाग्याशी थोडा संबंधित प्रश्न विचारतो. मी एका बाजारपेठेतून विकतची थीम घेतली. मिळालेली झिप अपलोड केली तर स्टाइल डॉट सीएसएस सापडत नाही असे सांगून वर्डप्रेस ती नाकारते. विक्रेत्याने सदोष फाइल दिली असावी का?

---

ओळआखणी

बहुधा तसे नाही. विकतच्या थीमच्या झिपमध्ये माहितीपत्रक, परवाना, चाइल्ड थीम आणि खरी थीम असे सगळे एकत्र बांधलेले असते. ती आपल्या संगणकावर उघडा. आत थीमच्या नावाची आणखी एक झिप सापडेल, ती अपलोड करा. फाइल फार मोठी असल्याची तक्रार आली तर पीएचपीची अपलोड मर्यादा आडवी येते आहे. ती वाढवून घ्या किंवा थीमचा उघडलेला फोल्डर एफटीपीने डब्ल्यूपी-कंटेंटमधील थीम्समध्ये ठेवा. पुढे नवी आवृत्ती आली की जुनी थीम काढण्याची गरज नाही. ५.५ पासून नवी झिप अपलोड केली की दोन्ही आवृत्त्या शेजारी दाखवून बदलू का असे विचारले जाते. आणि हीच थीम कोठे फुकट मिळते आहे असे कोणी सांगितले तर तिकडे फिरकू नका; अशा झिपमध्ये लपवलेला कोड असणे ही नेहमीची गोष्ट आहे.

---

वाचनवेल

स्टेजिंगवर चाइल्ड थीम चालू केली. नव्या पुस्तकांचा तक्ता प्लगिनमधून व्यवस्थित येतो आहे आणि शिरोरेषा एकसंध झाली आहे. मेन्यूही जागेवर आहेत. परंतु बोधचिन्ह, शीर्षचित्र आणि ॲडिशनल सीएसएसमधले सर्व नियम दिसेनासे झाले. मूळ थीम पुन्हा लावली की ते परत येतात.

---

ओळआखणी

ते हरवलेले नाहीत. कस्टमायझरची निवड डेटाबेसच्या ऑप्शन्स तक्त्यात 'थीम_मॉड्स' आणि पुढे थीमच्या फोल्डरचे नाव अशा नोंदीत असते. चाइल्ड थीम ही वर्डप्रेसच्या दृष्टीने निराळी थीम असल्याने तिची नोंद वेगळी सुरू होते. मेन्यूच्या जागा ४.९ पासून नावावरून जुळवून घेतल्या जातात, म्हणून तेवढे टिकले. बाकीचे कस्टमायझरमधून पुन्हा निवडावे. तुमच्याकडे तीनच गोष्टी असल्याने तो मार्ग बरा. ॲडिशनल सीएसएसमधले नियम मूळ थीम लावून प्रत करून घ्या आणि आता चाइल्डच्या स्टाइल डॉट सीएसएसमध्येच ठेवा. सेटिंग पुष्कळ असत्या तर 'चाइल्ड थीम कॉन्फिगरेटर' हे प्लगिन ती मूळ थीमवरून उचलून आणते.

पीएचपीमायॲडमिन तुम्हाला येते असे म्हणालात म्हणून आधीच सांगतो: एका नोंदीचे मूल्य जसेच्या तसे दुसऱ्या नोंदीत उतरवणे चालते, पण त्याच्या आतला मजकूर हाताने बदलू नका. प्रत्येक मजकुराच्या आधी त्याची लांबी बाइटमध्ये लिहिलेली असते आणि देवनागरीतील एक चिन्ह तीन बाइट घेते. 'ग्रंथालय'चे 'वाचनालय' केले आणि आकडा चुकला, तर वर्डप्रेसला ती संपूर्ण नोंदच वाचता येत नाही.

---

वाचनवेल

बोधचिन्ह आणि शीर्षचित्र पुन्हा निवडले, नियम चाइल्डमध्ये हलवले. थीम अद्ययावत केली, त्यानंतर पीएचपी ८.२ लावले, स्टेजिंगवर सर्व पाने उघडत आहेत. तळपट्टीतील पत्ता विजेटमध्ये बसला, पण थीमच्या लेखकाच्या उल्लेखाची ओळ तशीच आहे. ती मी राहू देणार आहे. मोफत थीम देणाऱ्याचे नाव तळाशी असण्याला मंडळातही कोणाची हरकत नाही. खऱ्या संकेतस्थळावर हे येत्या सोमवारी, वाचनालयाच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी करेन. जुन्या थीम यादीत पडून आहेत, त्या सर्व काढून टाकू का?

---

कातळशिल्प

सर्व नको. चाइल्ड थीम चालू असली तरी तिची मूळ थीम काढता येणार नाही, आणि वर्डप्रेसची एखादी अलीकडची वार्षिक थीमही राहू द्या. बिघाड थीमचा आहे की प्लगिनचा हे पाहायचे असेल तेव्हा तीच तात्पुरती लावून पाहता येते. बाकीच्या काढा, कारण बंद पडलेल्या थीमच्या फायलीही सर्व्हरवर उघड्याच असतात. थीम फाइल एडिटर कायमचा बंद करायचा असेल तर डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये 'डिसअलाउ_फाइल_एडिट' हा स्थिरांक खरा ठेवा. पुढचा कार्यकर्ता मग मूळ फायलींपर्यंत डॅशबोर्डवरून पोहोचणार नाही.

सोमवारी काम झाल्यावर कॅशे प्लगिन (पानांच्या तयार प्रती साठवणारे) रिकामे करा आणि चाइल्डच्या स्टाइल डॉट सीएसएसमधला आवृत्तीचा क्रमांकही वाढवा. थीम तो क्रमांक फाइलीच्या पत्त्याला जोडत असेल तर वाचकांच्या ब्राउझरमधली जुनी फाइल त्यानेच हटते. नाहीतर तुम्हाला शिरोरेषा सरळ दिसेल आणि सभासद मात्र ती तुटलेलीच असल्याचे कळवत राहतील.